सोफा धुण्याचे हँड टूल निवडताना: कापडात मागे किती पाणी राहते ते आधी पाहावे

आपण खानापुरातून विचारले आहे की, घरोघरी जाऊन सोफे आणि गाद्या धुण्याच्या व्यवसायासाठी पाणी फवारून लगेच ओढून घेणारे १० लिटर टाकीचे मशीन आपण घेतले आहे, त्यासोबत आलेले प्लॅस्टिकचे हँड टूल आता अपुरे पडते, तेव्हा तोंडाबाहेर फवारा सोडणारे ४ इंची स्टीलचे टूल घ्यावे, की फवारा तोंडाच्या आतच ठेवणारे, पण जवळजवळ तिप्पट किमतीचे टूल घ्यावे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात हेच काम मी १९ वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, आतल्या फवाऱ्याचे टूल घ्यावे. मात्र ते आपल्या मशीनच्या दाबावर नीट चालते की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या उत्तरामागची कारणे सविस्तर देतो, कारण ती समजली तर पुढच्या वेळी विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.

टूल दाखवताना विक्रेता फवारा किती जोरात येतो ते दाखवतो. आपल्याला मात्र कापडात मागे किती पाणी राहिले हे पाहायचे असते, आणि आपल्या भागात हा प्रश्न इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा मोठा आहे. अथणीकडच्या कोरड्या हवेत चैत्र-वैशाखात धुतलेला सोफा संध्याकाळपर्यंत बसण्याजोगा होतो. तोच सोफा जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूला आषाढात धुतला, तर तिसऱ्या दिवशीही गादीच्या पोटात ओल हाताला लागते. ओल्या राहिलेल्या कापडावर आणि भरावावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, आणि कुबट वास एकदा फोममध्ये बसला की तो काढणे मूळ मळ काढण्यापेक्षा अवघड असते. त्यातून आपल्याकडे सोफे धुऊन घेण्याची सर्वांत मोठी घाई गणपतीच्या आधी असते, म्हणजे नेमकी श्रावणात, जेव्हा दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. ग्राहकाला तारीख बदलायला सांगता येत नाही. त्यामुळे टूलच असे हवे की जे मुळात कमी पाणी सोडेल आणि सोडलेले बहुतेक परत घेईल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काम सुरू केल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात एका घरातील जुना सागवानी सोफा मी बाहेरच्या फवाऱ्याच्या टूलने धुतला. वरचे कापड फिक्या रंगाचे सुती होते, खाली गोणपाट आणि काथ्याचा भराव होता. मळ उत्तम निघाला आणि घरच्या मंडळींनी कौतुकही केले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला की, बैठकीच्या कडांना चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे उमटले आहेत. सुती कापड, ताग आणि काथ्या सावकाश वाळतात तेव्हा त्यांच्यातील रंगद्रव्य पाण्याबरोबर वर चढते आणि जिथे पाणी उडून जाते तिथे, म्हणजे शिवणीवर आणि कडांवर, साचते. क्षारयुक्त, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, साबण कापडात राहिला असेल तर हे अधिक होते. सौम्य सायट्रिक आम्लाने मी ते बरेचसे उतरवले, पण लाकडाला लागून असलेल्या कडेवर पॉलिशचा आणि सागाचा रंगही कापडात उतरला होता आणि तो गेला नाही. त्या दोन बैठकांचे कापड मी स्वतःच्या खर्चाने बदलून दिले. टूल तेच, साबण तोच आणि हातही तोच असताना उन्हाळ्यात असे कधी झाले नव्हते. फरक फक्त मागे राहिलेल्या पाण्याचा होता.

आता दोन्ही टूलांची रचना पाहू. बाहेरच्या फवाऱ्याच्या टूलात जेट, म्हणजे पाणी फवारणारी बारीक छिद्राची टोपी, तोंडाच्या पुढे किंवा मागे मोकळा असतो. पाणी पंख्यासारखे पसरून थेट कापडावर आदळते, धाग्यांमध्ये शिरते आणि त्यानंतर क्षणभराने तोंडाची फट तेथून जाऊन ते ओढते. आदळण्यामुळे मळ सुटायला मदत होते हा त्याचा गुण. पण आदळलेल्या पाण्याचा काही भाग फट पोहोचण्याआधीच फोममध्ये उतरलेला असतो, आणि कडेला काम करताना तुषार लाकडावर, भिंतीवर आणि शेजारच्या न धुतलेल्या भागावर उडतात. आतल्या फवाऱ्याच्या टूलात जेट तोंडाच्या पोकळीतच असतो. पाणी आतील पट्टीवर आपटते, त्याचा जोर मोडतो, ते पातळ पडद्यासारखे खाली येऊन कापडाच्या वरच्या थराला भिजवते आणि त्याच जागी, जवळजवळ त्याच क्षणी, ओढले जाते. गादीच्या पोटात पाणी जाण्याला फारशी संधीच मिळत नाही. दुसरा फायदा असा की, नक्षीच्या लाकडी चौकटीला अगदी लागून काम करता येते.

या टूलाची उणीवही सांगितली पाहिजे. पाण्याचा मार बसत नसल्यामुळे मळ सोडवण्याचे काम आधीच झालेले असावे लागते; म्हणजे साबणाचे पाणी हलके फवारून, मऊ ब्रशने कापड घोळवून, दहा मिनिटे थांबून मगच टूल फिरवावे. जो माणूस हे टप्पे गाळून सरळ टूल चालवतो त्याला महागडे टूल स्वस्त टूलापेक्षा वाईट वाटते, आणि बाजारात त्याची निंदा ऐकू येते ती बहुधा याच कारणाने.

दाबाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण आपल्या मशीनच्या बाबतीत खरी अडचण तिथेच येऊ शकते. आपल्यासारखी लहान मशीने, उदाहरणार्थ कार्चरची पुझी १०/१, सुमारे १ बार दाबाने मिनिटाला साधारण १ लिटर पाणी सोडतात. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). परदेशी हँड टूले मात्र पुष्कळदा काही शे पीएसआय दाबाच्या, व्हॅनमध्ये बसवलेल्या मशीनांसाठी घडवलेली असतात. जेटवर कोरलेला आकडा वाचता आला तर अर्धे उत्तर तिथेच मिळते. ‘८००१’ असे लिहिले असेल तर पहिल्या दोन अंकांचा अर्थ फवाऱ्याचा ८० अंशांचा कोन, आणि पुढच्यांचा अर्थ ४० पीएसआय दाबाला मिनिटाला ०.१ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण ३८० मिलिलिटर पाणी. पाण्याचे प्रमाण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते: दाब चौपट केला तर पाणी दुप्पट होते, आणि आपल्या १४.५ पीएसआयवर हाच जेट मिनिटाला सुमारे २३० मिलिलिटरच देईल. पाणी कमी मिळाले याचे मला दुःख नाही. पण कमी दाबावर फवाऱ्याचा पंखा पुरता उघडत नाही, तो मध्यभागी जाड आणि कडांना विरळ पडतो, आणि कापडावर धुतलेल्या-न धुतलेल्या पट्ट्या दिसू लागतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी आपले मशीन दुकानात न्यावे, टूल जोडावे, व्हॅक्यूम बंद ठेवून पुठ्ठ्याच्या कोरड्या तुकड्यावर क्षणभर पाणी सोडावे आणि ओल तोंडाच्या संपूर्ण रुंदीत सारखी उमटते का ते पाहावे. सारखी उमटत नसेल आणि विक्रेत्याकडे कमी दाबाला साजेसा जेट नसेल, तर ते टूल कितीही नावाजलेले असले तरी आपल्यासाठी नाही.

ओढण्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. व्हॅक्यूमचे दोन आकडे असतात: किती जोराने ओढते, जे पाण्याच्या स्तंभाच्या इंचांत किंवा मिलिबारमध्ये सांगतात (१ इंच म्हणजे सुमारे २.५ मिलिबार), आणि सेकंदाला किती हवा खेचते. विक्रेते बहुधा पहिलाच सांगतात. कापडातून पाणी बाहेर आणायला मात्र दोन्ही लागतात. ही हवा टूलच्या अरुंद फटीतून जाते, म्हणून ४ इंचांपेक्षा रुंद तोंड लहान मशीनवर लावू नये. ६ इंची तोंडाने काम लवकर उरकेल असे वाटते, पण तीच हवा मोठ्या फटीत वाटली जाते आणि तिचा वेग घटतो. पाइप लांबवल्यानेही ओढ कमी होते. माडीवरच्या घरात मशीन खाली ठेवून लांब पाइप वर नेण्यापेक्षा मशीनच वर उचलून न्यावे, जरी कंबर दुखली तरी.

कोणते टूल किती पाणी मागे ठेवते हे ओळखण्याची एक साधी रीत मी अनेक वर्षे वापरतो आणि तिच्याइतकी विश्वासू दुसरी मला सापडलेली नाही. एक जुनी, सुटी गादी घ्यावी आणि डिजिटल काट्यावर तिचे कोरडे वजन करावे. तिच्या एका बाजूवर साध्या पाण्याने एक ओला हात आणि त्यावर तीन कोरडे हात, म्हणजे पाणी न सोडता फक्त ओढणारे, फिरवावेत आणि पुन्हा वजन करावे. वाढलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे मागे राहिलेले १ मिलिलिटर पाणी. पूर्ण वाळू देऊन तीच गादी दुसऱ्या टूलाने तशीच धुवावी. दोन आकडे शेजारी लिहिले की वाद उरत नाही. याच रीतीने कोरडे हात किती फिरवावेत हेही कळते: तिसऱ्यानंतर वजन जवळजवळ उतरत नाही, पण पहिल्या आणि दुसऱ्यात पुष्कळ उतरते, आणि नवे कारागीर घाईत नेमका दुसराच गाळतात.

टूल हातात घेतल्यावर त्याच्या ओठांवरून, म्हणजे कापडावर टेकणाऱ्या दोन कडांवरून, जुना नायलॉनचा पायमोजा फिरवून पाहावा. तो कुठेही अडकला तर त्या ठिकाणी धातूचा खर, म्हणजे बारीक खरखरीत टोक, आहे, आणि तो शेनिलचे किंवा जाड विणीच्या कापडाचे धागे ओढून काढील. बारीक पॉलिशपेपरने तो घालवता येतो. पण दोन ओठ एका पातळीत नसतील तर मात्र टूल परत करावे, कारण एका बाजूने हवा चोरली जाते आणि त्यावर घरी इलाज नाही. वर पारदर्शक खिडकी असावी. ओढले जाणारे पाणी गढूळ आहे की स्वच्छ हे तिच्यातून दिसते, आणि कुठे थांबायचे हे त्यावरूनच ठरते. ट्रिगर दिवसभर दाबायचा असतो, म्हणून तो बोटाला जड नसावा आणि सोडल्यावर एक थेंबही गळता कामा नये. गळणारा ट्रिगर कोरडा हात कोरडा राहू देत नाही. मुठीवर ओढ कमी करण्याची सरकती झडप असेल तर उत्तम, कारण सैल, पातळ कापड पूर्ण ओढीने तोंडात खेचले जाते.

एका बारीकशा गोष्टीने माझे दोन महिने वाया गेले होते, म्हणून ती वेगळी सांगतो. अमेरिकी टूलांच्या पाव इंची जोडाला एनपीटी प्रकारचे आटे असतात: इंचाला १८ आणि ६० अंशांच्या कोनाचे. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पाव इंची पितळी जोड बीएसपी असतात: इंचाला १९ आणि ५५ अंशांचे. दोन्ही दिसायला सारखेच. पहिले दोन फेरे सहज बसतात, मग जोड अडतो, माणूस पान्ह्याने जोर लावतो, आटे बिघडतात आणि टेप कितीही गुंडाळली तरी दाबाखाली तेथून पाणी झिरपत राहते. टूल घेतानाच त्याच्या जोडाची दुसरी बाजू, म्हणजे क्विक कपलर, त्याच विक्रेत्याकडून मागून घ्यावा. व्हॅक्यूमच्या पाइपाचेही तसेच आहे: ३२ आणि ३८ मिलिमीटर ही दोन्ही मापे चालतात, आणि सैल बसलेल्या जोडातून गेलेली हवा कापडातून जात नाही.

आपल्या भागातील मळाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण टूलाला दोष दिला जातो तेव्हा अनेकदा दोष आधीच्या कामाचा असतो. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी आहे. ती साबणात विरघळत नाही. कोरडी असताना व्हॅक्यूमने निघते तेवढी काढली नाही, तर पाणी पडताच तिचा चिखल होऊन धाग्यांत घुसतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातील फाउंड्र्यांमध्ये, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, काम करणाऱ्यांच्या घरी सोफ्याच्या हातांवर आणि डोके टेकण्याच्या जागी काळसर भुकटी असते. तिच्यात लोखंडाचे कण असतील आणि कापड सावकाश वाळले, तर गंजाचे ठिपके येतात. निपाणीकडे तंबाखूची धूळ असते, आणि तिचा तपकिरी रंग व वास दोन्ही पाण्याने जागे होतात. या तिन्ही ठिकाणी उपाय एकच: ओले टूल लावण्याआधी कोरडा व्हॅक्यूम, ब्रशसह, शिवणींच्या खाचांतून, कंटाळा न करता. एका तीन आसनी सोफ्याला मी यासाठी वीस मिनिटे राखून ठेवतो, आणि त्या वेळाचे पैसे ग्राहकाकडून स्पष्ट सांगून घेतो.

पूर्वेकडे बोअरवेलचे जड पाणी मशीनमध्ये वापरले जाते. त्यातील क्षार जेटच्या बारीक छिद्रात साचतात, आणि आतल्या फवाऱ्याच्या टूलात जेट नजरेआड असल्यामुळे तो अर्धा बुजला तरी लवकर कळत नाही. आठवड्यातून एकदा जेट काढून सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात भिजत ठेवावा; छिद्रात टाचणी किंवा तार कधीही घालू नये, कारण छिद्राचा आकार बिघडला की फवाऱ्याचा पंखा कायमचा वाकडा होतो. पाण्याच्या वाटेत एक बारीक जाळीची गाळणीही बसवून घ्यावी.

बाहेरच्या फवाऱ्याचे टूल मात्र मी निरुपयोगी मानत नाही. मंगल कार्यालयांतील पॉलिस्टरच्या खुर्च्या आणि गाड्यांची आसने यांवर मळ जाड असतो, भराव पातळ असतो, आणि तिथे पाण्याचा मार उपयोगी पडतो. त्यासाठी मशीनसोबत आलेले प्लॅस्टिकचे टूल आपल्याकडे आहेच. ते जपून ठेवावे, दुसरे विकत घेण्याची आज गरज नाही. मंगल कार्यालयाचे काम घेणार असाल तर हळदीची गोष्ट लक्षात ठेवावी. हळद क्षाराशी मिळाली की लाल होते. कुंकू त्याच गुणावर बनते. नवरा-नवरीच्या आसनावरील पिवळ्या डागावर नेहमीचा क्षारयुक्त साबण फवारला की तो डोळ्यांदेखत तांबडा होतो आणि व्यवस्थापक घाबरून जातो. अशा वेळी जोराने घासू नये. सौम्य आम्लाच्या पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळ्यावर येतो, आणि उरलेला पिवळेपणा सूर्यप्रकाशात पुष्कळ उतरतो. त्यामुळे तेथे पहिल्यापासूनच उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि क्षारयुक्तही नाही असा, साबण वापरावा.

काही कापडांवर कोणतेच पाण्याचे टूल लावू नये. परदेशी बनावटीच्या सोफ्याच्या गादीखाली चिठ्ठी असते. तिच्यावर ‘डब्ल्यू’ असेल तर पाणी चालते, ‘एस’ असेल तर फक्त कोरडे द्रावक, ‘डब्ल्यूएस’ असेल तर दोन्ही, आणि ‘एक्स’ असेल तर केवळ व्हॅक्यूम. आपल्याकडे शिवलेल्या सोफ्यांना अशी चिठ्ठी नसते, म्हणून गादीच्या चेनच्या आतला एक धागा काढून जाळून पाहावा: सुती आणि व्हिस्कोस कागदासारखे जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात. धागा कागदासारखा जळला आणि कापड मखमली असेल, तर ते व्हिस्कोस असू शकते हे गृहीत धरून थांबावे, कारण ओले झाल्यावर व्हिस्कोस कमजोर होते आणि त्याची लव एकदा चेपली की पूर्ववत उभी राहत नाही. रंगाची चाचणी तर प्रत्येक सोफ्यावर करावी: मागच्या बाजूला साबणाचे पाणी लावून पांढरा फडका मिनिटभर दाबून धरावा. फडक्यावर रंग आला तर काम नाकारावे. मी आजही महिन्याला एक-दोन कामे नाकारतो.

आता खरेदीचा क्रम. प्रथम आपल्या मशीनची पुस्तिका काढून पंपाचा दाब, पाण्याचे प्रमाण आणि पाण्याच्या तापमानाची मर्यादा कागदावर लिहून घ्यावी. पाइपाचे तोंड व्हर्नियरने मोजावे. मग आतल्या फवाऱ्याचे ४ इंची, खिडकी असलेले टूल मशीनसह दुकानात जोडून, पुठ्ठ्यावर फवारा आणि ओठांवर पायमोजा अशा दोन्ही चाचण्या करून घ्यावे, आणि कपलर, एक जादा जेट व ट्रिगरच्या रबरी वायसरचा एक संच त्याच दिवशी घ्यावा, कारण हे सुटे भाग नंतर बेळगावात शोधत फिरावे लागते. वजनाची चाचणी घरी पहिल्या रविवारी करावी. पावसाळा उतरेपर्यंत जाड काथ्याच्या भरावाचे जुने सोफे घेऊ नयेत. घेतलेच, तर दोन टेबल पंखे ग्राहकाच्या घरी रात्रभर ठेवून यावे आणि सकाळी स्वतः जाऊन गादीच्या शिवणीत बोट घालून ओल पाहावी.